एकशे चाळिसावं झाड

दिघी,
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय सयाजी,

सप्रेम जयभीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. गळ्याच्या ऑपरेशनला आता वर्ष झालं. आवाज गेला तो गेलाच. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलंय, पण त्यातून बोललो की शेजारच्या छबूबाईंचा कुत्रा भुंकत सुटतो. म्हणून घरात पाटी-पेन्सिल ठेवली आहे. आमच्या पोरीला, मैत्रीला, आतल्या खोलीतून बोलवायचं असेल तर ताटावर चमचा वाजवतो. फोन माझ्या कामाचा नाही आणि मोबाइलवरची अक्षरं तुला दिसत नाहीत, तेव्हा आपल्या दोघांना उरलं पोस्ट. तेवीस वर्षं कंपनीच्या एका पेंट-बूथमध्ये शेजारी उभं राहून ट्रकच्या दारांना पेंट मारला. मशीनच्या आवाजात कधी धड बोलता आलं नाही, ते आता लिहून काढू.

काम सांगतो. मैत्री भोसरीत ज्या वर्कशॉपमध्ये आहे तिथे तिने दोन वर्षं खपून एक फवारणीचं मशीन केलं आहे. ट्रॅक्टरमागे जोडायचा, वाऱ्याने औषध फेकणारा ब्लोअरच आहे, पण त्याला दोन्ही बाजूंना सेन्सर आहेत. ती त्यांना डोळे म्हणते. झाड समोर आलं की नोझल उघडतं, झाड संपलं की बंद होतं. छोटं झाड असेल तर कमी, मोठं असेल तर जास्त. आपल्या बूथमध्ये दाराची कड आली की ट्रिगर सोडायचा, नाहीतर अर्धा पेंट हवेत. तेच हे मशीन करतं, फक्त बोट कुणाचं नाही.

तिचे सुजित सर म्हणतात, कुंड्यांतल्या झाडांवर बघून झालं, आता खऱ्या बागेत फुलापासून फळापर्यंत एक पूर्ण बहार चालवून दाखव. औषध खरंच वाचलं आणि माल चांगला आला तर मशीन पुढे न्यायचं, नाहीतर तो विभाग बंद आणि मैत्रीला दुसऱ्या कामावर टाकणार. पोरगी तोंडाने काही बोलत नाही, पण जेवताना ताटात रेघोट्या मारत बसते. मी पाटीवर तुझं नाव लिहिलं. तुझी डाळिंबाची बाग, हस्त बहार तोंडावर. अर्ध्या बागेत तिचं मशीन चालव, अर्ध्या बागेत तुझं नेहमीचं गनने फवारणं चालू दे.

काळजी करू नकोस. जिथे झाड नाही तिथे एक थेंब पडणार नाही, हा माझा शब्द. दोन झाडांच्या मधल्या रिकाम्या जागेत शालनवहिनींना खुर्ची टाकून चहा पाजलास तरी पदर कोरडा राहील.

तुझा,
किसन


थोरात मळा, ता. आटपाडी
७ ऑक्टोबर २०२४

किसनदादा,

रामराम. तुमचं पत्र शालनला वाचून दाखवलं. खुर्चीचं ऐकून ती लई हसली. म्हणाली, लग्नाला तीस वर्षं झाली, या मानसानं घरात चहा दिला न्हाई, बागेत काय देणार.

मैत्री मशीन घेऊन आली, दोन दिवस राहिली. पोरगी तुमच्यासारखीच हाय. काम करताना कुनाकडं बघत न्हाई. मशीनच्या बाजूला सात ओळी दिल्या, एका ओळीत वीस झाडं. तिनं स्वतः प्रत्येक झाडाला नंबरची पट्टी बांधली. एकशे एकोणचाळीस भरली. पाचव्या ओळीतलं बारावं झाड दोन वर्षांमागं मर लागून गेलं, ती जागा तशीच रिकामी हाय. ती म्हणाली, काका, हे बरंच झालं, रिकाम्या जागेत मशीन बंद होतं का ते कळंल. आन् खरंच सांगतो, पयल्या फवारणीला ट्रॅक्टर त्या जागेपाशी आला आन् फवारा फस्स करून बंद झाला, पुढच्या झाडाला परत चालू. मी ट्रॅक्टरवरच टाळी वाजवली.

एक गोष्ट मनात हाय ती लिहितो. मशीन पुढं गेल्यावर मी खाली उतरून पानं बघितली. नुसतं धुकं बसल्यागत. आमच्याकडं पान निथळून खाली थेंब पडला म्हंजे औषध लागलं. माझा बाप तसंच म्हणायचा आन् मीबी तसंच करत आलो. या सात ओळींना मी हातानं पाचशे लिटर मारायचो, हिच्या मशीननं दोनशे साठात उरकलं. एवढ्यात फुलकिडा मरंल का दादा? मैत्री म्हणाली मरंल. मी म्हणलं बरं.

ती गेली तेव्हा शालननं तिला डाळिंबाचं रोप दिलंय, कुंडीत लावायला. दिघीत जगतंय का बघा.

तुमचा,
सयाजी


दिघी,
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय सयाजी,

रोप जगलं आहे. गॅलरीत ऊन कमी, पण दोन पानं नवी फुटली.

तुझं 'निथळणं' वाचून मला बूथ आठवला. दारावरून पेंटचा ओघळ आला की इन्स्पेक्शनवाला खडूने गोल करायचा आणि दार परत यायचं. ओघळ म्हणजे जास्त झालं, एवढं तर तुला मी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पानाचंही तसंच आहे. निथळलं ते पानावर राहिलंच नाही, ते तुझ्या जमिनीत आणि वहिनींच्या पायावर गेलं. बारीक कण सारखे बसले की काम झालं. तू पेंटर आहेस, बापाचं सोड आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेव.

मैत्री रोज मशीनची नोंद बघते. ती मोबाइलवर आपोआप येते. सुजित सरांच्या टेबलावर दर पंधरा दिवसांनी तिचा कागद जातो. मार्चअखेर निकाल. वर्कशॉपमध्ये दोघं जण उघड म्हणतात की हे खेळणं आहे, शेतकरी वापरणार नाही. तिला मी पाटीवर लिहून दिलं, सयाजी वापरतोय.

आणखी एक. आपण दोघांनी मास्क खिळ्याला अडकवून ठेवले होते, आठवतं? घाम येतो म्हणून. कुणी साहेब आला की घालायचे. माझ्या गळ्याचं पेंटनेच झालं असं डॉक्टर म्हणत नाहीत. नाही झालं असंही म्हणत नाहीत. तुझ्या गनच्या बाजूला वहिनी नळी ओढतात हे मला माहीत आहे. नाकाला फडकं बांधून काही होत नाही. मशीनचं हे एक मला सगळ्यात आवडलं की त्याला नळी ओढायला बाई लागत नाही.

तुझा,
किसन


थोरात मळा
१८ नोव्हेंबर २०२४

किसनदादा,

तुमचं ऐकलं. मशीन झकास चाललंय. फूल चांगलं धरलं, फुलकिडा औषधाला सुदीक दिसत न्हाई. दोनशे साठ, दोनशे पंचावन्न, असंच लागतंय दर फवारणीला, मैत्रीकडं नोंद गेलीच आसंल. शेजारच्या सोजरबाई बांधावर येऊन बघून गेल्या. त्यांच्या बागेत किडा हाय, आपल्यात न्हाई. त्यांना म्हणलं, आमच्या पोरीचं मशीन हाय. 'आमच्या पोरीचं' म्हणलं, तुमाला राग न्हाई ना?

शालनची तब्येत जरा नरम हाय. डोळ्यातनं पानी येतंय, दंडावर लाल चट्टे उठल्यात. गनच्या बाजूची नळी ओढून खांदाबी धरलाय. पर मशीनच्या बाजूला तिची काळजी न्हाई. तुमी लिहिलं होतं तसं करतो. मशीन चालू आसलं की ती पाचव्या ओळीतल्या रिकाम्या जागेत उभी ऱ्हाती. तिथं थेंब पडत न्हाई हे मी डोळ्यानं बघितलंय. चहा मातुर अजून पाजला न्हाई.

सुजित सरांना सांगा, काळजी नको. हे मशीन पास होणार म्हंजे होणार. मी हाय ना.

तुमचा,
सयाजी


दिघी,
१२ डिसेंबर २०२४

सयाजी,

काल रात्री मैत्रीने तुला फोन करून मशीन थांबवायला सांगितलं. तू 'बरं' म्हणालास आणि फोन ठेवलास. का थांबवायचं ते तू तिला विचारलं नाहीस, म्हणजे तुला अंदाज आला असणार. तरी जे फोनवर सांगता येत नाही ते लिहितो.

काल जेवताना ती नोंद घेऊन बसली होती. म्हणाली, पप्पा, एक मजा बघा. पहिल्या फवारणीला, मी तिथे होते तेव्हा, मशीनने एकशे एकोणचाळीस झाडं मोजली. त्यानंतरच्या सातही फवारण्यांना एकशे चाळीस मोजतंय. वर्कशॉपमध्ये कुणाला काही वाटलं नाही. सात ओळी, वीस झाडं, एकशे चाळीस, हिशेब जुळतोच. पण पट्ट्या हिने बांधल्या आहेत. ती म्हणत होती, सेन्सरवर धूळ बसली असेल, नाहीतर शेजारची फांदी वाढली असेल. मग तिने मला जागा दाखवली. पाचवी ओळ, बारावं झाड.

मी घास खाली ठेवला. तुझं पत्र माझ्या उशाखाली होतं, ते आणून तिच्यापुढे ठेवलं आणि तिने लगेच तुला फोन लावला.

सयाजी, मशीनला झाड आणि माणूस यातलं काही कळत नाही. समोर काही उभं असलं की त्याला ते झाड. वहिनी तिथे उभ्या राहिल्या आणि मशीनने त्यांच्या अंगावर औषध मारलं. एकदा नाही, सात वेळा. रिकामी जागा रिकामी असेल तोवरच तिथे थेंब पडत नाही, एवढी साधी गोष्ट मी गमतीच्या भरात विसरलो आणि तुला खुर्ची टाकायला सांगितली. शब्द देणारा मीच. मैत्रीने मशीनबरोबर कागद दिला होता, माणसं वीस फूट लांब ठेवा म्हणून. पण तू तिचा कागद कशाला वाचशील, तुझ्याकडे माझं पत्र होतं. काल रात्रभर माझा डोळा लागला नाही. वहिनींना आधी डॉक्टरकडे ने आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन जा, म्हणजे काय अंगावर गेलं ते त्यांना कळेल.

आता दुसरं विचारतो. मशीन चालू असताना वहिनी बागेच्या मधोमध कशाला उभ्या असतात? बघायचं असेल तर माणूस बांधावर बसतं. सातही वेळा त्या तिथेच. एक माणूस बागेत मधोमध उभं राहतं ते नळी धरून. मशीन पुढे गेलं की मागून तू गनने परत मारतोस. खरं की नाही?

तुझा राग करायला मला तोंड नाही, कारण हे मीच तुझ्याशी केलंय. तू नवीन लागलास तेव्हा तुझा पेंटचा हात फार पातळ होता. दारं परत आली असती आणि तीन महिन्यांत तुला काढलं असतं. तुझी नजर चुकवून मी तुझ्या दारांवर मागून एक हात मारायचो. सहा महिने मारला. तुला वाटत राहिलं की तुला जमतंय. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो, कारण तू माझ्या पोरीचं तेच चालवलं आहेस.

मैत्रीला मागच्या हाताचं मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिची आतापर्यंतची सगळी नोंद कचऱ्यात जाते. नाही सांगितलं तर तिचं मशीन खोट्यावर पास होतं आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी बागेत जातं, तिथे मागून मारणारा सयाजी नसतो. तुझं उत्तर येईपर्यंत थांबतो.

किसन


थोरात मळा
२० डिसेंबर २०२४

किसनदादा,

खरं हाय. सातही वेळा मारलं.

दादा, मी मैत्रीच्या मशीनवर अविश्वास म्हनून न्हाई केलं. व्हय, थोडा होता. पर जास्त भ्या होतं. किडा पडला आसता तर लोक म्हणले आसते, किसनच्या पोरीचं मशीन बाद. म्हनून ती ट्रॅक्टरची फेरी झाली की मी गन घ्यायचो आन् पान निथळंपर्यंत मारायचो. दर वेळी तीनशे लिटर वरनं. तुमी विचारायच्या आत सांगतो, बेरीज मी केली. मशीनचं दोनशे साठ आन् माझं तीनशे. मशीन न्हवतं तेव्हा पाचशेत भागायचं. औषध वाचवायचं मशीन आलं आन् माझ्या बागेत औषध वाढलं. हे लिहिताना मला लाज वाटती.

शालनला आटपाडीला डॉक्टरकडं नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणले, वेळेवर आलात, चट्टे जातील, डोळे निवळतील, पर हिनं आता औषधाच्या जवळ उभंबी ऱ्हायचं न्हाई. परत येताना यष्टीत मी तिला विचारलं, लुगडं ओलं व्हायचं ते तुला कळत न्हवतं का? तिनं पदर बोटांत धरून बघितला. मग म्हणाली,

"कळायचं. पर मशीनला डोळं हाईत म्हनला व्हता न्हवं तुमी? मला वाटलं, त्येला मी दिसती."

आन् मग म्हणाली, मला वाटलं वाऱ्यानं येत आसंल. बोलली आसती तर पोरीच्या मशीनला नाव ठेवल्यागत झालं आसतं.

दादा, मी ट्रॅक्टरवर पुढं तोंड करून बसलेला. एकदाबी मागं वळून बघितलं न्हाई. तुमी थट्टेत लिहिलं, त्यात तुमचा काय दोष? रिकाम्या जागेत बायकोला उभी करणारा मी.

आता तुमच्या दुसऱ्या गोष्टीचं. तुमी सहा महिने मागून हात मारायचा ते मला पयल्याच आठवड्यात कळलं होतं. तुमी डावरे. दाराच्या खालच्या कडेला उलट्या बाजूचा हात उमटायचा. मी गप्प राहिलो. खोटं कशाला बोलू, मी मुद्दाम पातळ मारायचो, दादा हायत मागं म्हनून. मग मैत्री झाली तेव्हा तुमी तीन दिवस रजेवर गेला, आठवतंय? पयल्या दिवशी माझी समदी दारं परत आली. सुपरवायझर अख्ख्या लाइनसमोर बोलला. दुसऱ्या दिवशी अर्धी आली. तिसऱ्या दिवशी दोनच. मला हात आला तो त्या तीन दिवसांत. तुमी परत आलात तेव्हा तुमाला वाटलं, पोरगं तयार झालं. तयार तुमच्या रजेनं झालं.

म्हंजे मला समदं ठाऊक होतं, तरी मी हेच केलं.

मैत्रीला सांगा. तिच्यापुढं बोलायचं माझं धाडस न्हाई, हे पत्रच तिला वाचायला द्या.

तुमचा,
सयाजी


भोसरी,
३ जानेवारी २०२५

सयाजीकाका,

पप्पांनी तुमचं पत्र दिलं. वाचून आधी खूप चिडले. तुमच्यावर, पप्पांवर, सगळ्यांवर. माझ्यासाठी म्हणून सगळ्यांनी मिळून मला एकटीलाच अंधारात ठेवलं. मग काकूंचं वाक्य परत वाचलं आणि राग कुणावर करायचा ते कळेना.

काका, मशीनला काकू दिसल्या होत्या. दिसल्या म्हणूनच त्याने नोझल उघडलं. दिसलेली वस्तू कोण आहे हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. कुंड्यांमध्ये चाचणी घेताना माझ्या मनात एकदाही आलं नाही की बागेत माणसंही असतात. कागदावर 'वीस फूट लांब' लिहून मी मोकळी झाले. ही चूक माझी आहे आणि ती मी तुमच्या नावावर टाकणार नाही.

सोमवारी सुजित सरांना सगळं सांगितलं. डिसेंबरपर्यंतच्या नोंदीवर त्यांच्यासमोर आडवी रेघ मारली. ते भरपूर बोलले. शेवटी म्हणाले, बहार संपेपर्यंत जे उरलंय त्यात खरं काय ते दाखव, मग बघू. म्हणजे अडीच महिने.

मशीनमध्ये बदल केला आहे. आता त्याला झाडांच्या जागा आधीच माहीत असतील. जिथे झाड नाही तिथे काही दिसलं तर सगळी नोझलं बंद होतील आणि भोंगा वाजेल. झाडाच्या पुढ्यात कुणी उभं राहिलं तर ते मात्र त्याला अजून कळणार नाही. त्यासाठी वीस फुटांचा नियम आहेच, आणि तो आता मशीनवरच लाल रंगात मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिला आहे. दहा तारखेला मी येऊन हे बसवून जाईन.

सोबत पिवळे कागद पाठवते. ते फवारणीआधी पानांमध्ये टाचणीने अडकवा, काही वर, काही आत, काही खाली. औषधाचा कण पडला की तिथे निळा ठिपका उमटतो. पान निथळलं की नाही ते बघू नका, कागद बघा. जिथे ठिपके कमी असतील तिथे मशीन कमी पडतंय असं मला कळवा. तुम्ही मागून भरून काढलंत तर मला ते कधीच कळणार नाही.

काका, हात मारायचा नाही. किडा पडला तरी नाही. पडू द्या आणि मला सांगा.

काकूंना भेटायला येतेच आहे. त्यांच्यासमोर कशी उभी राहू ते अजून ठरवलेलं नाही.

तुमची,
मैत्री


थोरात मळा
१६ मार्च २०२५

किसनदादा,

माल उतरायला लागला. म्हनून पत्राला उशीर झाला, रागावू नका.

मैत्री आली तेव्हा शालनपुढं रडली. तुमाला सांगू नका म्हणली होती, तरी सांगतो. शालननं तिला मांडीवर घेऊन डोक्याला तेल लावलं. दोघी काय बोलल्या ते मला म्हाईत न्हाई. मी पंपाच्या खोलीत जाऊन नळी गुंडाळून ठेवली आन् दाराला कुलूप घातलं. किल्ली मैत्रीच्या पिशवीत टाकली, कारण माझा माझ्यावर भरवसा न्हवता. दुसऱ्या बाजूच्या फवारणीला गावातला एक ब्लोअरवाला बोलावतो आता, शालन तिकडंबी जात न्हाई.

खरं ते लिहितो. पयल्या दोन फवारण्यांना माझा हात शिवशिवत होता. पानाकडं बघितलं की जीव घाबरायचा, म्हनून मी कागद बघायचो. वरच्या कागदावर ठिपके दाट, शेंगदाण्याच्या कुटावानी. पर झाडाच्या पोटात, खालच्या फांद्यांना, तीन-चारच. मैत्रीला कळवलं. आन् झालंबी तसंच, तिथं फुलकिडा पडला. वीसेक झाडांच्या खालच्या फळांवर ओरखडे आले. मी ते बघत बसलो, दादा, हात मांडीखाली घेऊन. मैत्रीनं फोनवर सांगितलं तसं खालची दोन नोझलं वर तोंड करून वळवली आन् ट्रॅक्टर पयल्या गिअरला हळू चालवला. तवापासून पोटातल्या कागदावरबी ठिपके येत्यात. आता एका फवारणीला तीनशे चाळीस लिटर लागतंय. दोनशे साठ न्हाई. पर पाचशेबी न्हाई, आन् माझं वरचं तीनशे तर न्हाईच न्हाई.

भोंगा एकदा वाजला. पाचव्या ओळीतच. मी ट्रॅक्टरवरनं उडीच मारली. बघतो तर सोजरबाईंची शेळी बाराव्या जागेत उभी राहून गवत खात होती. मशीन गप्प, नोझलं बंद, शेळी कोरडी. मी तिथंच खाली बसलो आन् मला रडू आलं. सोजरबाई म्हणल्या, शेळीला काय झालं न्हाई, तुमी कशाला रडताय.

शालनचे चट्टे गेले. डोळे अजून उन्हात झोंबत्यात, पर पानी येत न्हाई. फवारणीचं म्हनून तिचं एक जुनं लुगडं होतं, पंपाच्या खोलीत खिळ्याला आसायचं. घरात कधी आणलं न्हाई. धुतलं तरी त्याचा वास जायचा न्हाई. माल उतरायच्या आधीच्या फवारणीला तिनं सकाळी न्हाऊन चांगलं लुगडं नेसलं आन् लांब बांधावर जाऊन बसली. मी काम उरकून, हात-तोंड धुऊन तिला तिथं चहा नेऊन दिला. तुमी लिहिलं होतं, ते सहा महिन्यांनी केलं.

ओरखड्याचा माल मी वेगळा काढून मैत्रीला मोजून कळवलाय. एक फळबी लपवलं न्हाई. आता पास होऊ द्या न्हाईतर नापास.

तुमचा,
सयाजी


दिघी,
३० मार्च २०२५

प्रिय सयाजी,

शुक्रवारी निकाल लागला. घडलं तसं सांगतो.

सुजित सरांनी दोन कागद शेजारी ठेवले. एक डिसेंबरपर्यंतचा, मैत्रीने रेघ मारलेला. एक त्यानंतरचा. म्हणाले, पहिल्या कागदात औषध निम्मं आणि एकही फळ खराब नाही. दुसऱ्यात औषध जास्त, फळं खराब. बाहेरच्या माणसाला मी कुठला कागद दाखवू? ज्या दोघांना ते खेळणं वाटत होतं तेही तिथे बसले होते. मैत्री म्हणाली,

"सर, पहिल्या कागदात एक बाई उभी आहे."

घरी येऊन तिने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज कापत होता. तिथे कापला नव्हता म्हणे. तिने त्यांना बेरीजही सांगितली, तुझ्या तीनशे लिटरसकट. म्हणाली, पहिल्या कागदाचं खरं औषध पाचशे साठ होतं, दुसऱ्याचं तीनशे चाळीस, आणि दुसऱ्यामध्ये कुणी माणूस भिजलं नाही. सुजित सरांनी बेरीज स्वतः करून बघितली. मग त्यांनी पहिला कागद फाडला आणि दुसऱ्यावर सही केली. मशीन पास झालं असं मी म्हणणार नाही. आणखी एक बहार, आणखी तीन बागा, आणि प्रत्येक मशीनला भोंगा असलाच पाहिजे, असं ठरलं. विभाग चालू राहिला. पोरगी जेवताना आता ताटात रेघोट्या मारत नाही, तोंड भरून बोलते. मला पाटीवर लिहायला वेळच देत नाही.

माझ्या रजेचं तू लिहिलंस ते मी अनेकदा वाचलं. इतकी वर्षं मी मनात धरून होतो की सयाजीला मी घडवला. तुला घडवलं त्या तीन दिवसांनी, आणि ते तीन दिवस मी ससूनमध्ये या पोरीला हातात धरून बसलो होतो. वाईट वाटलं, मग हसू आलं. आवाज नसला तरी हसता येतं, फक्त खांदे हलतात.

गॅलरीतल्या रोपाला एक कळी आली आहे. मैत्री म्हणते, इथे फळ धरणार नाही. पावसाळा सुरू झाला की ती ते घेऊन तुझ्याकडे येईल. पाचव्या ओळीतली बारावी जागा त्याला दे आणि पट्टी वहिनींच्या हाताने बांध.

आता शेवटचं. काल दुपारी मैत्रीने मोबाइल माझ्या पुढ्यात धरला. त्यावर तुझ्या या बहारातल्या शेवटच्या फवारणीची नोंद होती. मला चष्मा सापडेना, तिनेच वाचून दाखवलं: एकशे एकोणचाळीस. मी परत वाच म्हणून खूण केली. एकशे एकोणचाळीस. मला तुझ्या नावाने मोठ्याने हाक मारावीशी वाटली सयाजी, बूथच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मारायचो तशी. तोंड उघडलं, नुसती हवा आली. मग मी ताट उचललं आणि चमच्याने वाजवत सुटलो. मैत्री समोरच बसली होती, तरी वाजवत राहिलो.

छबूबाई धावत आल्या, काय झालं म्हणून. मी पाटीवर मोठा आकडा लिहून त्यांच्यापुढे धरला, १३९. त्यांना काही समजलं नाही. माझ्याकडे बघितलं, मैत्रीकडे बघितलं आणि घरी जाऊन वाटीभर साखर घेऊन आल्या.

तुझा,
किसन